घरच्यांसमोर प्रार्थना करायला तोंडच उघडलं नाही, आणि आता रविवारी चर्चमध्ये माझीच पाळी आहे

उंबरठा_०७ (३१ डिसेंबर)

सर्वांना सलाम. पोस्ट लांब झालीये, आधीच माफी मागते.

दर दोन वर्षांनी नाताळात आम्ही सगळे मोठ्या काकांकडे जमतो. चुलत, आते, मामे, त्यांची पोरं, सगळे. यंदा मोजून २३ जण होतो, त्यात सात पोरं पाच वर्षांच्या आतली आणि बाथरूम दोन. रात्री हॉलमध्ये गाद्या टाकल्या की पाय ठेवायला जागा नसायची, पाणी प्यायला उठलेलं माणूस कुणाच्या तरी हातावर पाय देऊनच परत यायचं. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण २५ तारखेच्या दुपारी जे झालं ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

जेवणाआधीची प्रार्थना आमच्याकडे काकाच करतात. दुसऱ्या कुणी केलेली मला आठवतच नाही. पण गेल्या वर्षभरात काकांचं विसरणं फार वाढलंय. ते उठले, खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरलं, "हे प्रभू" म्हणाले आणि थांबले. परत "हे प्रभू". परत थांबले. मग काकू हळूच माझ्याकडे बघून म्हणाली, अगं तू कर, तू तर चर्चमध्ये करतेसच ना.

सगळ्यांनी डोळे मिटले आणि माझं डोकं कोरं. मी गेली सहा वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्यातून एकदा मध्यस्थीची प्रार्थना (म्हणजे सगळ्यांच्या वतीने इतरांसाठी करायची ती) चालवते, दोन-अडीचशे लोकांपुढे, हातात कागद नसतो. आणि इथे, ज्यांनी मला शेंबडी असल्यापासून बघितलंय त्यांच्यापुढे एक शब्द फुटेना. किती वेळ गेला कुणास ठाऊक, एका पोराने मोठ्याने विचारलं "झालं का?" आणि माझा धाकटा भाऊ (चर्चला यायचं सोडून त्याला नऊ-दहा वर्षं झाली) म्हणाला, "चर्चमध्ये तर माइक सोडत नाही म्हणे." सगळे हसले. मी पण हसले. मग काकांनीच एकदम खणखणीत "आमेन" म्हटलं आणि वाढायला सुरुवात झाली.

त्यानंतर कुणी विषय काढला नाही. रविवारी, २९ ला, सगळ्यांनी मिळून उपासनेला जायचं ठरलं होतं पण आवराआवर, कोणाची गाडी किती वाजता, कुणाच्या पोराचा एकच बूट सापडतोय, ह्या सगळ्यात कुणीच गेलं नाही. मला खरं तर सुटल्यासारखंच झालं.

आता घरी आलेय. बॅग अजून दारातच आहे, उघडलेली नाही. चर्चच्या ग्रुपवर ५ जानेवारीच्या ड्युट्या आल्यात, मध्यस्थीच्या प्रार्थनेपुढे माझं नाव. ते बघून पोटात गोळा आला. म्हणजे मी तिथे उभी राहून अस्खलित बोलणार आणि सगळे नंतर येऊन "फार छान केलीत हो" म्हणणार, आणि मला आतून माहिती आहे की स्वतःच्या घरच्या २२ माणसांसाठी मला एक वाक्य बोलता आलं नाही. मग चर्चमधलं ते काय आहे? नाटक?

असं कुणाला झालंय का? रविवारचं नाव काढून घेऊ का? खोटी कारणं द्यायची नाहीयेत पण खरं सांगायची पण लाज वाटतेय.

---

तिसरी_ओळ

अगं इतकं मनाला लावून घेऊ नकोस गं. संदेष्ट्याला आपल्या गावात आणि आपल्या घरात मान मिळत नाही हे तर प्रभूनेच सांगितलंय ना, बायबलमध्ये मार्क ६. नासरेथात, म्हणजे स्वतःच्या गावात, त्यालाही फारसे चमत्कार करता आले नाहीत असं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्याच्या घरच्यांना तर तो भ्रमिष्ट झालाय असं वाटलं होतं आणि ते त्याला धरून न्यायला आले होते (मार्क ३). मग तुझ्या माझ्या घरच्यांचं काय घेऊन बसलीस. रविवारी बिनधास्त उभी रहा. भावाकडे दुर्लक्ष कर.

---

शेवटचा_बाक

वरच्या उत्तराशी मी सहमत नाही, आणि जरा कडक बोलतोय, राग मानू नका.

नासरेथवाल्यांनी प्रभूला नाकारलं होतं. हा सुताराचा पोरगा, ह्याला कुठून आलं एवढं शहाणपण, असं म्हणून त्यांना तो खुपत होता. इथे उलटं झालंय. घरच्यांनी उंबरठाताईंना स्वतःहून सांगितलं आणि सगळ्यांनी डोळे मिटले. चर्चला न जाणाऱ्या भावानेही मिटलेच असतील. २२ माणसं डोळे मिटून तुमच्या तोंडून काहीतरी यायची वाट बघत बसली, ह्याला अपमान नाही म्हणत, ह्याला मान म्हणतात. ते वचन आपण सगळेच स्वतःला कुरवाळायला वापरतो, मीही वापरलंय.

दुसरं, भाऊ जे बोलला ते वाईट जागी बोलला, चुकीच्या वेळी बोलला, पण ते पूर्ण खोटं आहे का हे तुम्हीच बघा. मत्तय ६ मध्ये चारचौघांत उभं राहून प्रार्थना करायची आवड असलेल्यांबद्दल जे म्हटलंय ते त्या काळच्या ढोंग्यांपुरतंच होतं असं मला वाटत नाही. आतल्या खोलीत दार लावून बोलायची सवय मोडली की मग असं होतं, माइक असला की येतं आणि माइक नसला की जातं. माझं हेच झालं होतं. मी आठ वर्षं उपासना चालवायचो, एक दिवस बायको हॉस्पिटलात होती आणि बेडशेजारी बसून मला काहीच म्हणता येईना. शेवटी तीच म्हणाली. तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर बसतो. (नाव त्यावरूनच घेतलंय.)

---

तिसरी_ओळ

बाक भाऊ, एवढं टोचून बोलायची गरज होती का? ती आधीच रडकुंडीला आलीये.

---

उंबरठा_०७

असू दे, लागलं पण बरं झालं. खरं सांगायचं तर मी एकटीने प्रार्थना करते पण मनातल्या मनात, मोठ्याने शेवटची कधी केली आठवत नाही. चर्चमध्ये एक आवाज लागतो ना, जरा वरचा, जरा पुस्तकी, "हे दयाळू आणि कनवाळू पित्या" वाला, तो आवाज घरच्यांसमोर लावणं शक्यच नव्हतं, भावाने तिथल्या तिथे नक्कल केली असती. आणि दुसरा आवाज माझ्याकडे नाहीच्चे, हे त्या दिवशी कळलं.

---

धाकटा_म्हणे

मी इथे फक्त वाचतो, कधी लिहीत नाही. आज लिहितोय कारण मी तुमचा भाऊ आहे. म्हणजे तुमचा नाही, पण तसाच कुणाचा तरी. मीही चर्च सोडून बरीच वर्षं झाली, आणि मीही जेवणाच्या टेबलाशी असंच काहीतरी टाकून बोलतो.

का बोलतो ते सांगतो. आमच्याकडे प्रार्थना करायचे ते आजोबा. त्यांची प्रार्थना म्हणजे घराचा वार्षिक अहवाल. अमुकचं लग्न जमू दे, तमुकच्या परीक्षेत यश दे, हिला मूलबाळ दे, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, "जे भरकटलेत त्यांना घरी परत आण". सगळ्यांचे डोळे मिटलेले, तरी सगळे माझ्याकडे बघतायत हे मला कळायचं. एका वर्षी मी हळूच डोळा उघडला तर आई खरंच माझ्याकडे बघत होती. जिला मूल होत नव्हतं ती माझी वहिनी, ती तर दर वेळी प्रार्थना झाल्यावर हात धुवायला म्हणून उठून जायची आणि दहा मिनिटं यायची नाही. देवाशी बोलल्यासारखं करायचं आणि खरं बोलायचं ते आपल्याशी. त्याला ना उलट उत्तर देता येतं, ना उठून जाता येतं. म्हणून मग माणूस हसतो. हसणं एवढंच हातात असतं.

तुमचे काका तसे असतील असं मी म्हणत नाही. पण ताई, तुम्ही गप्प राहिलात तेव्हा तुमच्या भावाला काय वाटलं असेल? मला विचाराल तर आधी धाकधूक वाटली असेल, की आता हिला चान्स मिळाला, आता माझं नाव येणार. ते आलं नाही. मग सुटल्याच्या आनंदात तो काहीतरी बोलून गेला. एवढंही असू शकतं.

पुढच्या वेळी केलीत तर छोटी करा, आणि माझ्यासाठी करायची असेल तर माझ्यासमोर करू नका, एवढंच.

---

उंबरठा_०७

हे वाचून दहा मिनिटं नुसती बसलेय. काका "भरकटलेत" असं नाही म्हणायचे, पण "आज जे आपल्यात नाहीत" म्हणताना आमच्या देवाघरी गेलेल्यांबरोबर एकदा भावाचं पण नाव घेतलं होतं, तो त्या वर्षी आला नव्हता म्हणून. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं. त्याने नेलं नसेल.

---

निवृत्त_पाळक

सलाम. तुमचा धागा काल रात्री वाचला, उत्तर द्यायला आज सवड मिळाली.

आधी कबुलीजबाब. मी ३१ वर्षं पाळकपण केलं. माझी आई जिवंत असेपर्यंत तिच्यासमोर मला नीट प्रार्थना करता आली नाही. दौऱ्यावरून घरी गेलो की ती म्हणायची कर रे, आणि मी चार शब्दांत उरकायचो. तिने माझं तोतरं बोलणं ऐकलं होतं, खोटं बोलताना पकडलं होतं, तिच्यापुढे "कनवाळू पित्या" म्हणताना मलाच हसू यायचं. तेव्हा तुम्ही ढोंगी आहात असा निष्कर्ष घाईने काढू नका. घरच्यांसमोर आपल्याला पदवी नसते, माइक नसतो, आपण नुसते आपण असतो, तिथे शब्द अडतात त्यात नवल नाही.

आता एक गंमत. तुम्ही सगळ्यांनी मिळून जो रविवार बुडवला, २९ डिसेंबर २०२४, त्या दिवशी वाचनक्रम (कुठल्या रविवारी कुठला उतारा वाचायचा ते ठरलेलं असतं तो) पाळणाऱ्या पुष्कळ मंडळ्यांत कुठला उतारा होता माहीत आहे का? लूक २, वचन ४१ ते ५२. कॅथलिक मंडळीत तो पवित्र कुटुंबाचा सण असतो आणि यंदा त्यांच्याकडेही हाच उतारा होता. सणाला सगळं गणगोत मिळून यरुशलेमेला गेलेलं, सण आटपून परत निघालेलं, आणि १२ वर्षांचा येशू मागेच राहिलेला. आईबापाला वाटलं असेल नातेवाइकांत कुठेतरी. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर शोधायला लागले, सापडला तो तीन दिवसांनी. ह्यावर मी कितीदा प्रवचन केलंय पण दर वेळी मला ती पहिल्या दिवसाची वाटचालच खरी वाटते. मोठा गोतावळा असला की प्रत्येकाला वाटतं तो दुसऱ्या कुणापाशी असेल. मामांपाशी असेल, काकांपाशी असेल. तुमच्या घरात इतकी वर्षं प्रार्थना काकांपाशी होती. यंदा काकांनी खुर्ची धरली तेव्हा कळलं की बाकी कुणापाशीच नाहीये. हा तुमच्या एकटीचा दोष नाही, २३ जणांचा आहे.

रविवारबद्दल. नाव काढायचं का? काढलंत तरी पाप नाही. तुमच्या पाळकांना फोन करा आणि आहे ते दोन वाक्यांत सांगा, आम्ही असल्या गोष्टी रोज ऐकतो, आम्हाला धक्का बसत नाही. मेथडिस्ट पंथाचे लोक नव्या वर्षाच्या सुरुवातीला देवाशी केलेल्या कराराच्या नूतनीकरणाची उपासना घेतात, त्यांच्या चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली ह्याने १७५५ मध्ये लंडनला ती पहिल्यांदा घेतली. त्या परंपरेतली जी प्रार्थना आज म्हणतात तिच्यात देवाला असं सांगायचं असतं की मला तुझ्या कामाला लाव किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव. कामाला लाव हे आपण सगळे हौसेने म्हणतो. बाजूला ठेव म्हणताना मंडळीचा आवाज जरा खाली येतो, मी पुढे उभा राहून ऐकलाय.

पण माझं मत विचाराल तर उभ्या रहा, फक्त कागद घेऊन. लिहून आणलेली, साध्या वाक्यांची, तीन मिनिटांत संपणारी प्रार्थना. कागद म्हणजे आत्म्याची कमतरता असं काही नाही. स्तोत्रसंहिता हा लिहून ठेवलेल्या प्रार्थनांचाच गठ्ठा आहे. १२० ते १३४ ही १५ आरोहण स्तोत्रं, सणाला यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू ती गात असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातलं १३१ वं बघा, तीनच वचनं आहेत, मोठमोठ्या गोष्टींत मी पडत नाही, आईपाशी असलेल्या दूध तुटलेल्या बाळासारखा मी शांत आहे, एवढंच. तुम्हाला आवाज सापडत नाहीये म्हणालात ना, तो आवाज कसा असतो ते तिथे आहे. (१३३ वं बंधूंनी एकत्र राहण्याबद्दल आहे, ते किती मनोरम आहे वगैरे. लिहिणाऱ्याच्या घरात बाथरूम किती होते ते मात्र दिलेलं नाही.)

---

तिसरी_ओळ

पाळकसाहेब 😂😂

आणि मी माझं आधीचं थोडं मागे घेते. "भावाकडे दुर्लक्ष कर" हे चुकलं. मार्कावरच न थांबता बायबलमध्ये जरा पुढे वाचलं असतं तर कळलं असतं. योहान ७ मध्ये लिहिलंय की येशूच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि ते त्याला टोमणेच मारतात, सणाला जा की, जगाला दाखव की स्वतःला. माइक सोडत नाहीस म्हणण्यासारखंच झालं ते. आणि त्याच भावांतला याकोब पुढे यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी झाला, प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये शेवटचा निर्णय तोच सांगतो. मधे काय झालं त्याबद्दल पौलाने १ करिंथ १५ मध्ये एक ओळ लिहिलीये, की पुनरुत्थित प्रभू याकोबाला दिसला. काय बोलणं झालं दोघांचं, काही नाही लिहिलेलं. मला नेहमी वाटतं ते घरातलं बोलणं होतं म्हणून बाहेर आलं नाही.

---

धाकटा_म्हणे

म्हणजे आता मी पुढारी होणार असं म्हणून माझ्याकडे बघू नका 🙏

---

आत्याबाई६२

सगळ्यांनी ताईंबद्दल लिहिलं, त्या काकांबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते.

माझ्या सासऱ्यांना विस्मरणाचा आजार होता, सात वर्षं मी त्यांचं सगळं केलं. शेवटी शेवटी मला ओळखायचे नाहीत, बाई तुम्ही कोण म्हणायचे. पण लहानपणी पाठ केलेलं सगळ्यात शेवटी जातं. स्वतःच्या मनाने नवीन वाक्य जुळवायचं म्हणजे ह्या माणसांना डोंगर चढल्यासारखं होतं, काका "हे प्रभू" म्हणून अडकले ते त्याचमुळे, पुढचं वाक्य तयार करायला जमेना. पण तोंडात बसलेलं असतं ते वेगळ्या खणात असतं जणू, सुरुवात करून दिली की पुढचं आपोआप येतं. सासऱ्यांना मी संध्याकाळी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं म्हणून द्यायचे की ते "आमेन"पर्यंत एकही शब्द न चुकता जायचे. गाणीसुद्धा तशीच. पाच मिनिटांपूर्वी जेवलो हे आठवायचं नाही पण दुसरं कडवं, तिसरं कडवं पाठ. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण पुष्कळांचं होतं.

तेव्हा ताई, तुम्हाला प्रार्थना "करून" दाखवायची काही गरजच नव्हती. काका अडकले तेव्हा प्रभूच्या प्रार्थनेचे पहिले चार शब्द म्हणायचे, बाकी त्यांनी म्हटलं असतं, आणि सगळ्या घराने म्हटलं असतं, तुमच्या भावालाही ती पाठ असणारच की, संडे स्कूलमध्ये शिकलेलं कुठे जातं. शिष्यांनी आम्हाला प्रार्थना करायला शिकव म्हटलं तेव्हा प्रभूने तीच दिली ना, लूक ११. ज्यांना शब्द सुचत नव्हते त्यांच्यासाठीच आहे ती.

आणि सांगून ठेवते, काकांना त्या दिवशी आपलं काम गेलं असं वाटू शकतं. त्यांना काही आठवत नाही असं आपण धरून चालतो. काय झालं ते आठवत नाही पण वाईट वाटलेलं राहतं, सासऱ्यांचं मी हे बघितलंय. एक फोन करा त्यांना.

---

शेवटचा_बाक

आत्याबाई, हे मला आठ वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. हॉस्पिटलात बायकोने तेच म्हटलं होतं, प्रभूची प्रार्थना. मी तेव्हा मनात म्हटलं होतं की एवढंच?

---

उंबरठा_०७ (६ जानेवारी)

सगळ्यांचे आभार, उशीर झाला लिहायला. काय काय झालं ते सांगते.

शुक्रवारी आमच्या पाळकसाहेबांना फोन केला. मी पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं, ते म्हणाले हं, मग रविवारी कागद आणणार ना? एवढंच. मी अर्धा तास तयारी करून फोन लावला होता, बोलणं चार मिनिटांत संपलं.

रविवारी जरा लवकर गेले, खुर्च्या लावायला लागले. दारातच तिघींनी विचारलं कशी झाली सुट्टी, दोघींना "छान" म्हटलं आणि तिसरीला (माझ्या क्वायरमधली मैत्रीण) म्हटलं, अर्धी छान. ती म्हणाली माझी पाव. मग आम्ही दोघी खुर्च्या लावत बोलत बसलो, तिच्याकडचं ऐकून मला माझं काहीच नाही असं वाटलं, पण ते तिचं आहे, इथे लिहीत नाही. सहा वर्षं एकत्र गातोय आम्ही आणि एकमेकींच्या घरचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मध्यस्थीची प्रार्थना कागदावरून केली. हात थरथरत होता, कागदाचा आवाज माइकमध्ये येत होता. १३१ वं स्तोत्र वाचलं आणि मग साधी पाच-सहा वाक्यं, नाताळाहून परतलेल्यांसाठी, ज्यांच्याकडे परतायला कुणी नाही त्यांच्यासाठी, ज्यांना वर्षानुवर्षं पाठ असलेले शब्द आता सापडत नाहीत त्यांच्यासाठी. "भरकटलेले" वगैरे काही नाही. धाकटे भाऊ, हे तुमच्यामुळे. नंतर कुणी "फार छान" म्हटलं नाही, एका आजींनी फक्त विचारलं की आज घसा बसलाय का, आवाज वेगळा वाटला.

संध्याकाळी काकांकडे फोन लावला. काकूने उचलला, स्पीकरवर ठेवला. काकांनी मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली, मी दुरुस्त केलं नाही. म्हटलं काका, प्रार्थना करूया का, आणि आत्याबाईंनी सांगितलं तसं पहिलं वाक्य म्हटलं. आणि ते निघालेच! त्यांच्या जुन्या आवाजात, जेवणाआधी करायचे त्याच ठेक्यात, "आमची रोजची भाकर" म्हणताना जरा थांबायचे तसे थांबून. काकू म्हणत होती, मी म्हणत होते. क्षमेच्या वाक्याला माझाच आवाज गेला, त्यांचा नाही.

भाऊ अजून तिथेच आहे, आज निघणार आहे. शेवटी "आमेन" म्हटल्यावर मागून अजून एक "आमेन" आलं, पुरुषाचा आवाज होता. तो होता की टीव्ही चालू होता, कळलं नाही. मी विचारलं नाही.

---

आत्याबाई६२

विचारू नका.

---

धाकटा_म्हणे

टीव्ही होता असं समजून चला, त्याला बरं वाटेल.

---

निवृत्त_पाळक

काकांना आता रोज संध्याकाळी कुणीतरी फोन लावा. २३ जण आहात, पाळ्या लावल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातून एक-दोन वेळाच येईल.

---

उंबरठा_०७

पाच वर्षांच्या आतली सात जणं काढली तर १६ उरतात पाळकसाहेब, त्यात काका स्वतः 😄 पण घरच्या ग्रुपवर टाकलंय मघाशी. आतापर्यंत चौघांनी वार सांगितलेत. भावाने मेसेज वाचलाय, निळी टिक दिसतेय, उत्तर नाही. बॅग उघडली आज, त्यात कुणाच्या तरी पोराचा एक बूट निघाला, तोच असणार, तो पण पाठवायचाय.